जिथे सोनकिडा नाही

"सर, तुमचं पार्सल आवाज करायलंय. लवकर या. पॅसेंजर माझ्याकडं बघायलेत," असं लातूरमार्गे नांदेडला येणाऱ्या गाडीचा कंडक्टर फोनवर म्हणाला, तेव्हा अवधूत कंधारकर विभागात बसून गेल्या आठवड्याच्या पेपरातला स्वतःचा फोटो पुन्हा पाहत होता. फोटो चांगला आला होता. प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख पन्नाशीत जसा दिसावा, म्हणजे थोडा दमलेला पण निसर्गाच्या काळजीने दमलेला, तसाच तो दिसत होता. फोटोशेजारी नकाशा होता. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे चौकटी-चौकटींत कापलेले. सोनकिडा राहतो तिथे लाल, राहू शकेल तिथे पिवळा, आणि नाही तिथे पांढरा. सोनकिडा म्हणजे तोच, पावसाळ्यात बाभळीवर येणारा, हिरव्या चकाकत्या पाठीचा, जो या पेपराच्या प्रत्येक चाळिशीतल्या वाचकाने लहानपणी काड्यापेटीत पाळलेला असतो आणि जो आता दिसत नाही म्हणून प्रत्येकजण हळहळतो, पण बांधावरची बाभूळ मात्र स्वतःच्या हाताने तोडतो. असं अवधूतने मुलाखतीत म्हटलं होतं. ते वाक्य छापलं नव्हतं. छापलं होतं ते हे, की लातूरच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात हा कीटक आढळत नाही, असे डॉ. कंधारकर यांच्या मॉडेलने दाखवून दिले आहे.

बसस्टँडवर कंडक्टर मिठाईचा खोका दोन्ही हातांत अंगापासून लांब धरून उभा होता, दुसऱ्याचं बाळ धरल्यासारखा. खोक्याला सुतळी, झाकणाला सुईने पाडलेली भोकं. आतून खसखस येत होती, बारीक, घाईची, जणू आत कुणीतरी परीक्षेची वेळ संपत आल्यासारखं भराभर लिहीत होतं. "ताईंनी बजावलंय, सरांच्याच हातात द्यायचं म्हणून," कंडक्टर म्हणाला. "लई बोलतात तुमच्या ताई. किल्लारीच्या फाट्यावर गाडी पाच मिनिटं थांबवून भाषण दिलं मला. काय हाय यात?" "अभ्यासाचं आहे," अवधूत म्हणाला. "हां, मग ठीक हाय. मला वाटलं, खायचं." ऑटोत बसल्यावर त्याने मोबाइल उघडला. थोरल्या बहिणीचा, सौदामिनीताईचा आवाजी निरोप आलेला होता, नेहमीसारखा लांबलचक. नातेवाइकांचे असे निरोप तो दुप्पट वेगाने ऐकायचा आणि अर्ध्यावर सोडायचा. त्याने नातं टिकतं आणि वेळही वाचतो. "अवध्या, पेपरात वाचलं तुझं. आमच्याकडं सोनकिडा नाही म्हणे. घे, मोज." पुढे ती हसली. दुप्पट वेगातलं हसणं चिमण्यांच्या भांडणासारखं ऐकू आलं. ऑटोवाला आरशातून पाहत होता. अवधूतने निरोप तिथेच बंद केला आणि खोका मांडीवर ठेवला. पँटच्या कापडातून ती खसखस त्याच्या मांडीपर्यंत पोहोचत होती, आणि गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरून जाताना त्याला अचानक असं वाटलं, की हा खोका कुणीतरी आत्ता, इथे, उघडून बघेल आणि सगळ्यांना सगळं कळेल. काय कळेल, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मॉडेल म्हणजे फार काही नसतं. किडा जिथे सापडला त्या जागा संगणकाला सांगायच्या, जिथे शोधूनही सापडला नाही त्याही सांगायच्या, मग पाऊस, ऊन, माती, झाडी यांची माहिती भरायची, आणि त्याने उरलेल्या मुलखाचा अंदाज सांगायचा. ज्योतिषात आणि यात फरक इतकाच की ज्योतिषी निदान समोरच्याचा हात हातात घेतो. नांदेडहून गाडी घेऊन विद्यार्थी फिरायचे. रेणापूरच्या आसपास सोनकिडे भरपूर सापडले, कारण रेणापूरला दयानंद नावाच्या माजी विद्यार्थ्याकडे जेवण चांगलं असायचं आणि जेवणानंतर सगळ्यांना जवळपासच शोधावंसं वाटायचं. असले दोष सगळ्यांच्याच मॉडेलांत असतात, त्यांच्यासाठी शास्त्राने सभ्य नावं ठेवलेली आहेत. पण लातूरच्या खाली, किल्लारीच्या बाजूच्या काही चौकटींचं तसं नव्हतं. तिथे कुणी गेलंच नव्हतं. गाडी दरवेळी औशापर्यंत जायची आणि अवधूत म्हणायचा, ऊन फार झालं, परत फिरू. मग एका दुपारी त्याची विद्यार्थिनी मालविका, जिचा सगळा प्रबंध याच मॉडेलवर उभा होता, संगणकासमोर बसून म्हणाली, "सर, या चौकटी रिकाम्या ठेवू ना?" रिकामी चौकट म्हणजे, आम्ही गेलो नाही. शून्य म्हणजे, आम्ही गेलो, शोधलं, नाही. हा फरक तो स्वतः पहिल्या वर्षाला फळ्यावर लिहून शिकवायचा. "रिकामं दिसलं की परीक्षक विचारत बसतात," तो म्हणाला होता. "शून्य टाक." "पण सर, आपण गेलोच नाही ना तिकडं." "तिथे काय असणार?" तो म्हणाला होता. मालविकाने शून्य टाकलं. पुढचं काम मशीनने केलं. त्या चौकटींत भूकंपानंतर सोडून दिलेली जुनी गावठाणं होती, माणसं उठून गेलेली, बाभळी माजलेली. मशीनच्या ध्यानात आलं, की जिथे दाट बाभळी आहेत आणि माणूस नाही, तिथे सोनकिडा राहत नाही. आणि हा नियम त्याने दोन्ही जिल्ह्यांना लावला. मशीन प्रामाणिक होतं, म्हणून ते खोटं ते फार मन लावून शिकलं.

खोका टेबलावर ठेवून सुतळी कापली, तर मालविका नकळत मागे सरकली आणि मग पुढे वाकली. आत बाभळीचा पाला होता आणि पाल्यापेक्षा सोनकिडे जास्त होते. एकमेकांवर चढलेले, पाय अडकलेले, त्यांच्या पाठींवर ट्यूबलाइटचे बारीक हिरवे तुकडे सरकत होते. इतके सोनकिडे तिने तीन पावसाळे फिरून पाहिले नव्हते. "कुठून आले सर?" "किल्लारीकडून." तिला खरंच आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. "पण तिथं तर आपलं शून्य आहे," ती म्हणाली, हळूच, दुसऱ्याच्या शर्टाला लागलेला डाग दाखवावा तसं. अवधूतच्या कानामागे ऊन लागल्यासारखं झालं. उद्याच लातूरला, हा नकाशा मागवणाऱ्या सरकारी समितीची बैठक होती. नकाशा छापून झाला होता. मालविकाची तोंडी परीक्षा महिन्यावर होती. हे सगळं एकदम मनात आलं असं तो नंतर स्वतःला सांगणार होता, आणि त्यात मालविकाचं नाव पहिलं घेणार होता. प्रत्यक्षात मनात आलं ते एवढंच, की हा आवाज बंद झाला पाहिजे. "डीप फ्रीजरमध्ये ठेव," तो म्हणाला. "जिवंत आहेत सर." "म्हणूनच. नमुने आहेत ते. पाय मोडून घेतील एकमेकांचे." कीटकशास्त्रात हे रोजचंच. नमुना आला की गोठवायचा, मग पिन करायचा; दुर्मीळ असेल तर जास्त काळजीने. त्यात वावगं काही नव्हतं. वावगं नसलेली गोष्ट सांगताना माणूस खिडकीबाहेर कशाला बघेल, एवढंच. फ्रीजरचं झाकण बंद झालं तरी थोडा वेळ खसखस ऐकू येत होती, किंवा येत होती असं वाटत होतं, आणि मग फक्त कॉम्प्रेसरचा आवाज उरला.

ताईच्या लग्नाला घरात विरोध झाला नव्हता. हे अवधूत कुणालाही अभिमानाने सांगू शकला असता. ती लातूर जिल्ह्यात शाळेवर रुजू झाली, तिथे खत-बियाणांचं दुकान असलेल्या विरूपाक्षशी तिने लग्न ठरवलं, आणि नांदेडच्या घरात कुणी ब्र काढला नाही. नुसते सगळे फार नम्र झाले. आईने लिंगायतांच्या चालीरीतींची माहिती काढली. वडील, आयुष्यभर मुख्याध्यापक म्हणून पोरांवर खेकसलेले वडील, जावयाला शेवटच्या दिवसापर्यंत "आपण" म्हणत राहिले. "आपण चहा घेणार?" "आपल्याकडे पाऊस कसा आहे?" विरूपाक्ष पहिल्यांदा हसायचा, मग हळूहळू तोही पावसापुरतंच बोलायला लागला. शिवी दिली असती तर त्याने दोन दिली असत्या आणि सगळे एका ताटात जेवले असते; पण आपण म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. अवधूतने तो नम्रपणा जसाच्या तसा वारशाने घेतला. तो विरूपाक्षला दाजी म्हणायचा, दिवाळीला फोन करायचा, आणि ताईच्या गावाला कधी जायचा नाही. गेलो तर विद्यार्थी बरोबर असणार. दाजी कपाळभर विभूती लावून, बनियनवर, रस्त्यापासून हाक मारणार, आमचे मेव्हणे आले मेव्हणे, असं अख्ख्या गल्लीला सांगणार, खताच्या पोत्यावर बसवून मुलांना जेवायला घालणार, सोडणार नाहीत. नुसतं एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस औशाहून गाडी परत फिरवतो, हे लिहून काढलं तर कुणाला खरं वाटणार नाही. नांदेडला त्याचा सत्कार झाला तेव्हा दाजी न बोलावता आले होते, नारळ आणि शाल घेऊन, आणि सगळ्या सभागृहासमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले होते. फोटो झकास आला. नकाशाच्या कामात एक साधं हत्यार असतं, हवा तेवढा तुकडा ठेवायचा आणि बाकीचा कापायचा. ते फोटोलाही चालतं. अवधूतने कापलेला फोटो मोबाइलवर सगळीकडे लावला. फक्त खांद्यावरचा हात काढायचा राहिला. चार बोटं आणि एक जाड अंगठी, मागे माणूस नाही. फोटोखाली ताईने लिहिलं होतं, छान दिसतोस. तो फोटो त्याने आजतागायत काढला नव्हता, कारण काढला असता तर ताईला कळलं असतं की त्याला कळलं आहे.

लातूरच्या बैठकीत त्याला पहिला अर्धा तास बरं वाटलं. बिस्किटं होती, पडद्यावर नकाशा होता, समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते लक्ष देऊन ऐकत होते. मालविका नांदेडलाच थांबली होती. अवधूतने लाल चौकटींवर काठी फिरवत सोनकिड्याची घरं दाखवली, अळी मातीत बाभळीच्या मुळांवर कशी वाढते, वर दिसणारा किडा हा तिच्या आयुष्याचा शेवटचा थोडासा तुकडा कसा असतो, ते सांगितलं. "वा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मोठा आणि मोकळा होता, शेतावरून शेतावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा. "आता हे सांगा सर, नाही कुठं?" "म्हणजे?" "म्हणजे पांढरं कुठं-कुठं हाय? सोलरला जागा द्यायची हाय बघा. बाभळी काढाव्या लागतात. मग तुमच्यासारखे लोक पुन्हा ओरडतात. म्हणून म्हटलं, आधीच विचारून घ्यावं. जिथं किडा नाही तिथं काढू. तुमचा नकाशा लई कामाचा हाय, खरं सांगतो." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अवधूतनेही डोलावली, मान सवयीने हलते. मग त्याला दिसलं, की तीन वर्षं तो जिथे किडा आहे त्याचा नकाशा करत होता आणि यांनी विकत घेतला होता तो जिथे नाही त्याचा. पडद्यावर सर्वांत पांढरं, धुतल्यासारखं पांढरं होतं ते किल्लारीच्या बाजूला. साहेबांनी बोट तिथेच ठेवलं. "हे जुने गावठाण. कुणाची शेती जात नाही, कुणाचं घर जात नाही. आणि तुमचं शून्य. यापेक्षा चांगलं काय पाहिजे?"

आत्ता बोलायचं, असं त्याने ठरवलं आणि घोटभर पाणी प्यायलं. मग जे बाहेर पडलं ते असं होतं, की या पट्ट्यातून अलीकडे काही नवीन माहिती मिळते आहे, तेव्हा एकदा खात्री करून घेतलेली बरी. नवीन माहिती. ऐकताना त्याला स्वतःचाच तिटकारा आला, आणि त्याचवेळी वाक्य चांगलं जमल्याचं समाधानही वाटलं. साहेब भला माणूस होता. "करा की खात्री. उद्या संध्याकाळपर्यंत मला एक फोटो टाका. झाडावर बसलेला किडा, जागेचा पत्ता त्या फोटोवर आला पाहिजे, बास. जमिनीचा तो गट यादीतून काढतो. नाही आला तर मात्र सही करून टाकतो." म्हणजे सुटका होती. एक किडा, एक फोटो. शून्याच्या जागी एक लिहायचा, आणि शून्य कुठून आलं होतं ते कुणालाच सांगावं लागणार नव्हतं. उलट, मोठ्या मनाने स्वतःचं मॉडेल दुरुस्त करणारा शास्त्रज्ञ म्हणून पेपरात पुन्हा फोटो आला असता. लॉजवर त्याला झोप छान लागली. हेही नंतर आठवल्यावर त्याला बरं वाटलं नाही.

येतोय, एवढंच त्याने सकाळी ताईला लिहून कळवलं होतं. किल्लारीच्या फाट्यावर विरूपाक्ष मोटरसायकल घेऊन उभा होता. कपाळावर विभूती होती, बनियन नव्हतं, इस्त्रीचा शर्ट होता. "शरणार्थ, अवधूतराव. सापडला म्हणायचा रस्ता." "आलो दाजी." "बसा. मागं धरून बसा, आमच्याकडं रस्ता चांगला झालाय, लोक जोरात चालवायलेत." भूकंपानंतर वसवलेलं गाव वहीवर रेघा मारल्यासारखं सरळ होतं, एकसारखी घरं, एकसारखे रस्ते, दाजींच्या दुकानावर पाटी होती आणि आत खताची पोती होती. कुणी हाक मारली नाही. गल्लीला कुणी काही सांगितलं नाही. दाजी त्याला थेट ओढ्यापलीकडे घेऊन गेले, आणि तिथे उतरल्यावर अवधूतला हे फार उशिरा, फार स्पष्ट दिसलं, की इतकी वर्षं तो ज्या स्वागताला घाबरत होता ते आता शिल्लक राहिलेलं नाही.

जुन्या गावात बाभळी माणसाच्या डोक्यावर दाट झाल्या होत्या. दगड मुरमात बुडालेले, कुठे उंबऱ्याची शिळा, कुठे अर्धी चूल. "या झाडाचं लाकूड गावात कुणी जाळत नाही," विरूपाक्ष म्हणाला. "न्हाई म्हणजे, तसा कुणी नियम केला नाही. पण हितलं लाकूड घरात कुणी आणत नाही. ते थोरलं झाड दिसतंय का? आमच्या माजघरातलं हाय ते." तो हे पावसाबद्दल सांगावं तसं सांगत होता. अवधूतने छत्री उघडली, उलटी करून फांदीखाली धरली आणि काठीने फांदी झोडली. कीटक शोधायची ही सगळ्यांत जुनी, सगळ्यांत खात्रीची रीत. छत्रीत मुंग्या पडल्या, एक कोळी पडला, वाळक्या शेंगा पडल्या. दुसरं झाड. तिसरं. पानं कडेने कुरतडलेली होती, ताजी, अगदी सोनकिड्यानेच कुरतडलेली. प्रत्येक फांदी सांगत होती की तो इथेच होता. दाजी एका दगडावर बसून पाहत होते. ऊन डोक्यावर आलं. हात भरून आले. माजघरातल्या झाडाला त्याने दोनदा झोडलं. शर्ट पाठीला चिकटला, आणि मुंग्या मनगटावरून आत चढायला लागल्या, आणि त्या झटकण्याचंही त्याच्यात त्राण उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो या चौकटीत आला होता, त्याने शोधलं होतं, आणि नव्हता.

"काय सापडणार आता तुला?" मागून ताईचा आवाज आला. सकाळची शाळा सुटल्यावर ती तशीच चालत आली होती, साडीला खडू लागलेला, हातात चहाची किटली. केस बरेच पांढरे झाले होते. फोनवर केस दिसत नाहीत. "एक ठेवला नाही बघ पोरांनी. दोन दिवस अख्खी शाळा इथं होती. पोरांना या बाजूला यायला आवडत नाही, घरचे पाठवत नाहीत. चार घरी जाऊन मी सांगितलं, माझ्या भावाचं काम आहे, शास्त्राचं आहे. मग सोडली. जगदेवी म्हणून एक पोरगी आहे, ती तर शेंड्यापर्यंत चढली. म्हटलं, याला सापडत नाहीत ना, मग सगळेच पाठवू. मोजत बस म्हणावं." ती हसली, खऱ्या वेगाने. ते हसणं त्याने किती वर्षांत असं पूर्ण ऐकलं नव्हतं. "दे आता. कुठं ठेवलास खोका? दाजींच्या गाडीला अडकवलास?"

"खोका?"

"अरे, म्हणजे काय? बघून झालं की स्वतः घेऊन ये म्हटलं होतं ना. त्या निमित्ताने तरी येशील म्हणून. निरोपात सांगितलं की सगळं. पोरांना मी शब्द दिलाय, परत आणून याच झाडांवर सोडणार म्हणून. अंडी घालायचे दिवस आहेत त्यांचे." तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे, मग छत्रीकडे. "अवधूत, आणलेस ना?"

लहानपणी काही फोडलं की तो ताईलाच आधी सांगायचा. आईवडिलांना सांगायचं काम ती करायची, थोडं बदलून. त्याने तोंड उघडलं आणि त्याच वेळी खिशात मोबाइल थरथरला. मालविकाने फोटो पाठवला होता. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओळीने लावलेले सोनकिडे, प्रत्येकाच्या पाठीत उजवीकडे एक पिन, पाय नीट पसरलेले, शिकवलं होतं अगदी तसे. खाली तिने लिहिलं होतं: सर, सगळे झाले. लेबलवर ठिकाण काय लिहू? त्याने मोबाइल तसाच ताईच्या हातात दिला. दुसरं काही करता आलं नाही. तिने चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत पाहिला. पोरांच्या वह्या ती अशाच पाहत असणार. "किती छान ओळीत लावलेत," ती शेवटी म्हणाली. मोबाइल परत देताना तिने पडदा पदराला पुसला. विरूपाक्ष दगडावरून उठला, जवळ आला, फोटो न बघताच त्याला समजलं असावं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग त्याने अवधूतच्या हातातली छत्री घेतली आणि ताईच्या हातात दिली.

खाली मुळांत अळ्या असतील, अवधूतच्या मनात आलं. गेल्या पावसाळ्यातली अंडी, मातीत वाढणारी, कुणाला न दिसणारी. झाडं राहिली तर पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी वर येतील. झाडं राहिली तर. संध्याकाळी सही होणार होती. आणि फोटो नव्हता. फोटो होता, पण पुठ्ठ्यावरचा. अजूनही एक वाट होती. वाळलेल्या एका किड्याला डिंकाने फांदीवर चिकटवून फोटो काढता येतो, हे त्याला माहीत होतं, इतकंच नाही, कोणी-कोणी तसे काढले आहेत तेही माहीत होतं. हा विचार किती सहज आला, आणि त्यात नांदेड किती लांब आहे एवढीच अडचण दिसली, हे पाहून त्याला आतून थंडी वाजली. त्याने साहेबांना फोन लावला. ताईपासून दूर जाऊन लावायला हवा होता. तिथेच उभं राहून लावला.

"बोला सर! सापडला का?" साहेबांचा आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. ओढ्यापर्यंत ऐकू जावा एवढा.

"नाही साहेब. आज नाही. पण तो गट देऊ नका. किडे होते इथे, खोकाभर. ते पकडून मला पाठवले होते, मी ते मारले. अळ्या मुळांत असणार, त्या दिसत नाहीत."

"सर, असं तोंडी कसं चालेल? तुमच्याच नकाशात शून्य हाय. मागं तुमची माणसं येऊन बघून गेली, तेव्हाही नव्हता ना?"

"कुणी आलं नव्हतं. औशापर्यंत येऊन आम्ही परत फिरायचो. ते शून्य मी टाकायला लावलं. मुलगी रिकामं ठेवायचं म्हणत होती, तिचा त्यात काही दोष नाही. असं लेखी देतो तुम्हाला. मॉडेलच मागे घेतो."

पलीकडे साहेबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. रागावले नव्हते, भल्या माणसाला वाटतं तसं त्यांना नुसतं नवल वाटलं होतं. "आता मला कामाला लावलंत तुम्ही. द्या लेखी. थांबवतो सही. पण मला हे सांगा, औशापर्यंत येत होता म्हणता, मग एवढंसं पुढं का न्हाई गेलात? रस्ता खराब होता का तेव्हा?"

कारण आयतं पुढे आलं होतं. हो म्हटलं की झालं असतं. ताई उलट्या छत्रीत पडलेल्या मुंग्यांकडे पाहत होती, इतकी लक्ष देऊन की ती ऐकते आहे हे उघड होतं. विरूपाक्षने चहा ओतायला घेतलेली किटली तशीच तिरकी धरली होती.

"रस्ता चांगला आहे साहेब," अवधूत म्हणाला. "इथे माझी बहीण राहते. म्हणून आलो नाही."

"मग तर उलट सोयीचं होतं की," साहेब म्हणाले.